गिझरमधला बिघाड

एसटीत माझे वडील, अण्णा, खिडकीशी बसले होते आणि त्यांच्या मांडीवर आईच्या जुन्या चादरीत बांधलेला गिझर होता. कंडक्टर म्हणाला, "मामा, वर ठेवा की. पाय अवघडतील." अण्णांनी मान हलवली, पण गाठोड्याभोवतीचे हात काढले नाहीत. हातकणंगले मागं पडल्यावर मी म्हटलं, "द्या माझ्याकडं थोडा वेळ."

"असू दे. जड न्हाई," ते म्हणाले.

माझा धाकटा भाऊ हर्षद जाऊन तेव्हा महिना होत आला होता. तो साताऱ्याला एका कारखान्यात कामाला होता आणि भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. जानेवारीतल्या एका सकाळी तो आंघोळीला गेला आणि बाहेर आलाच नाही. पाणी वाहत असल्याचा आवाज फार वेळ येत राहिला म्हणून घरमालकानं हाका मारल्या, शेवटी दार फोडलं. गॅसच्या गिझरमुळं न्हाणीत विषारी वायू साठला, असं दवाखान्यात डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं. हर्षदचं लग्न ठरवायचं चाललं होतं. आईनं मुलीकडच्यांना पुढच्या रविवारी बोलावलेलं होतं.

घरमालकानं गिझर भिंतीवरून काढून हर्षदच्या सामानात ठेवून दिला. आईनं तो घरात घेऊ दिला नाही आणि भंगारवाल्याला देऊही दिला नाही. परसात पत्र्याखाली तो पडून होता. येता-जाता आई त्याच्याकडं बघायची आणि एकच नाव घ्यायची, शेलार.

शेलार म्हणजे तो गिझर विकणारा आणि बसवून देणारा माणूस. साताऱ्यात त्याचं छोटं दुकान होतं. दिवसकार्य आटोपल्यावर आई हट्टानं तिकडं गेली. मी बरोबर होते. ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसली आणि भर बाजारात त्याला म्हणाली, "माझं पोरगं मारलंस तू." माणसं गोळा झाली. शेलार तिशीतला, बारीक अंगाचा माणूस. तो हात जोडून उभा राहिला. "मावशी, मी न्हाणी बघूनच बसवला होता. झरोका कधी बंद करू नका म्हणून दादांना दोनदा सांगितलं होतं."

"झरोका उघडाच हाय," आई म्हणाली. "पोलिसांनी बघितलाय. माझ्या लेकीनं बघितलाय. मेलेल्याच्या नावावर ढकलू नगंस."

मी झरोका खरंच बघितला होता. न्हाणीच्या भिंतीत वर, हातभर लांब, जाळी लावलेला. त्यातून ऊन आत येत होतं. मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं. शेलारनं माझ्याकडं बघितलं आणि जोडलेले हात खाली सोडले. त्यानंतर त्याच्या दुकानात कुणी जाईना, शेवटी त्यानं कुलूप लावलं, असं हर्षदचे मित्र फोनवर सांगायचे. आई ते पुन्हा पुन्हा सांगायला लावायची.

फौजदार म्हणाले होते, झरोका उघडा असताना असं झालं म्हणजे गिझरातच दोष असणार, पण एखाद्या जाणकार मेकॅनिककडून तसं लिहून आणा, मग गुन्हा नोंदवतो. त्या दिवसापासून आई जेवायला लागली. तोवर ती दोन घास खाऊन ताट सरकवायची. आता म्हणायची, "तो आत गेल्याबिगर मला मरायचं न्हाई." आणि अण्णांच्या मागं लागायची, "कवा नेताय ते? कुणाला दाखवताय?"

अण्णा आज-उद्या करत राहिले. मला त्याचं नवल वाटायचं. आमच्या इचलकरंजीत अण्णांनी उभा जन्म यंत्रमागावर जॉबर म्हणून काढला होता. माग बिघडला की तो दुरुस्त करणं हेच जॉबरचं काम. कारखान्यातून आल्यावर गल्लीतले पंखे, मिक्सर, शिलाई मशिनी त्यांच्याकडं यायच्या. माझ्या शिवणक्लासातली सगळी मशिनं तेच बघायचे. घरातली एक वस्तू कधी बाहेर दुरुस्तीला गेली नव्हती. मी एकदा म्हटलंही, "तुम्हीच उघडून बघा की आधी."

"गॅसचं काम हाय ते. माझं न्हाई," ते म्हणाले आणि परसातून आत निघून गेले.

शेवटी त्या दिवशी आईनंच सकाळी गिझर चादरीत बांधून दारात आणून ठेवला.

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका बोळात काशीद नावाचा मेकॅनिक होता. माझ्या नवऱ्यानं त्याचं नाव काढून दिलं होतं. दुकान म्हणजे एक शटर, आत गिझर आणि शेगड्यांचा ढीग. काशीद पन्नाशीचा, जाडजूड, सतत काहीतरी बोलणारा. त्यानं चादर सोडली आणि गिझर टेबलावर आडवा केला.

"नवाच दिसतोय की. काय तक्रार?"

"बघा. आत काहीतरी बिघाड असणार," अण्णा म्हणाले.

"पाणी तापत नव्हतं?"

"तापत होतं."

"गॅसचा वास यायचा?"

मी म्हटलं, "तुम्ही उघडून बघा. काय निघतंय ते सांगा."

काशीदनं पुढचा पत्रा काढला. आतली तांब्याची नळी, बर्नर, पाण्याचा व्हॉल्व्ह, एकेक बघत, पुसत, तो त्याच्या मेहुण्याच्या घराच्या बांधकामाबद्दल बोलत होता. अण्णा टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून उभे होते. काशीदच्या बोटांवरची त्यांची नजर हलत नव्हती. मग काशीदनं गिझर भिंतीवरच्या खुंटीला लटकवला, पाण्याची आणि गॅसची नळी जोडली, नळ सोडला. आत टकटक झालं आणि ज्योत पेटली. सरळ, निळी.

"हे बघा, किती स्वच्छ पेटतोय. काजळी न्हाई, गळती न्हाई. ज्यानं बसवलाय त्यानं जोडणीपण चांगली केलीती, ही नळी बघा, कंपनीची हाय. यात काय नाही मामा. घेऊन जा."

"नीट बघितलं न्हाई तुम्ही," अण्णा म्हणाले.

"नीटच बघितलं."

"परत बघा. काहीतरी असंलच."

काशीद जरा वैतागला. मला ते बघवेना. मी म्हटलं, "माझा भाऊ याच गिझरमुळं गेला. न्हाणीत. महिना झाला."

काशीदनं नळ बंद केला. ज्योत विझली. त्यानं खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसले, आतून एक स्टूल आणलं आणि अण्णांच्या मागं ठेवलं. अण्णा बसले नाहीत.

"न्हाणी केवढी होती?" त्यानं मला हळू आवाजात विचारलं.

"लहान."

"झरोका?"

"होता. उघडा होता. मी बघितलाय."

"मोठा?"

मी हातानं दाखवलं. काशीद विचारात पडला. "मग समजत न्हाई ताई. या ज्योतीला हवा लागते. कोंडलेल्या जागेत हवा संपली की विषारी वायू होतो, त्याला वास नसतो. माणसाला गुंगी आल्यासारखं होतं, तो खाली बसतो आणि संपतो. त्याला त्रास झाला नसंल, एवढं मी सांगतो. पण एवढा झरोका उघडा असताना..." त्यानं मान हलवली. "मशीन चांगलं, झरोका उघडा. मग व्हायला नको होतं."

मी त्याला सगळं सांगितलं. आईबद्दल, फौजदारांनी काय मागितलंय त्याबद्दल, शेलारबद्दल. काशीद ऐकत राहिला. मग रस्त्याकडं एकदा बघून तो अण्णांना म्हणाला, "मामा, खरं तर असं करू नये. पण तुमचं पोरगं गेलंय. बर्नरला दोष होता, असं मी दोन ओळीत लिहून देतो. माझा शिक्का हाय. माऊलीच्या मनाला शांती मिळत असंल तर देतो. त्या शेलारला मी वळखतबी न्हाई."

त्यानं गल्ल्याखालून कोरा कागद काढला आणि पेन हुडकायला लागला. मी अण्णांकडं बघितलं. मला वाटलं, चला, निदान आईला काहीतरी घेऊन जाता येईल. शेलार खोटं बोलतोय याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. दोष आज सापडला नाही, एवढंच.

"लिहू नका," अण्णा म्हणाले.

काशीद थांबला.

"जरा पाणी द्या."

काशीदनं तांब्या दिला. अण्णा पाणी प्यायले आणि मग स्टुलावर बसले. माझ्याकडं न बघता, टेबलावर काढून ठेवलेल्या पत्र्याकडं बघत म्हणाले, "झरोका मी बंद केला होता."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "उघडा होता अण्णा. मी बघितला."

"तू बघितलास तवा उघडा होता."

मग त्यांनी सांगितलं. डिसेंबरात ते हर्षदकडं चार दिवस राहायला गेले होते, ते मला माहीत होतं. त्याला खोकला झालेला. साताऱ्याची थंडी, आणि झरोक्यातून अंगावर गार वारा यायचा. अण्णांनी प्लायवूडचा तुकडा आणला, मापानं कापला, रंधा मारून बसवला. चारी बाजूंनी पुट्टी भरली. बाहेरून जाळी तशीच.

"हर्षद म्हटला होता," अण्णा म्हणाले. "म्हटला, अण्णा, तो शेलार सांगून गेलाय, ह्यो बुजवायचा न्हाई. मी म्हटलं, त्याला काय कळतंय. हवा दाराखालनं येतीया की. मला शिकवतोय व्हय तो." त्यांनी तांब्या खाली ठेवला. "मग पोरगं काय बोललं न्हाई. माझ्याम्होरं कधी बोललंय ते?"

"मग उघडला कुणी?" मी विचारलं. विचारतानाच मला उत्तर कळलं. दवाखान्यात डॉक्टरांशी बोलणं झाल्यावर अण्णा म्हणाले होते, मी खोलीवर जाऊन त्याचे कपडे घेऊन येतो. एकटेच गेले होते. मी बरोबर येते म्हटलं तर नको म्हणाले होते. पोलीस खोलीवर आले ते दुपारनंतर.

"डॉक्टरनी सांगितलं तवाच मला उमगलं," अण्णा म्हणाले. "खोलीवर गेलो, फळी काढली, पुट्टी खरवडली, झाडून काढली. मला तुझ्या आईचं तोंड दिसत होतं. दुसरं काय डोक्यात नव्हतं. मग तुम्ही सगळी म्हणायला लागला, गिझरात दोष हाय. मलाबी वाटायला लागलं, असंलबी. फळी असती तरी काय झालं नसतं, दोष मशीनातच असंल. उघडून बघायचा धीर झाला न्हाई. म्हटलं, दुसऱ्या कुणीतरी बघू दे. कुणीतरी सांगू दे, हे बघा हितं बिघाड हाय म्हणून."

काशीद खाली बघत उभा होता. अण्णांच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटत होतं आणि हात उचलत नव्हता. मला त्यांचा राग आला होता. एवढा राग मला त्याआधी किंवा नंतर कुणाचा आला नाही.

बऱ्याच वेळानं काशीदनं विचारलं, "याचं काय करू मामा? मशीन चांगलं हाय. कुणाच्या तरी उपयोगी येईल."

"पाना हाय का?" अण्णा म्हणाले.

काशीदनं पाना आणि पेचकस पुढं केला. अण्णांनी गिझर खुंटीवरून उतरवला आणि खोलायला बसले. बर्नर वेगळा केला, तांब्याची नळी वेगळी, व्हॉल्व्ह वेगळा. पुन्हा जोडता येऊ नये म्हणून त्यांनी बर्नर ऐरणीवर ठेवून हातोड्यानं चेपला. काशीद मधे पडला नाही. तांबं एका पोत्यात, पत्रा दुसऱ्यात टाकून झाल्यावर अण्णांनी आईची चादर झटकली, घडी घातली आणि माझ्या हातात दिली.

परतीच्या एसटीत मी म्हटलं, "आईला सांगू नका. काही सापडलं नाही एवढंच सांगू. केस होणार नाही, विषय संपेल."

"आणि तो?"

"केस झाली नाही म्हणजे तो सुटला."

"दुकान बंद हाय त्याचं," अण्णा म्हणाले. "माझ्यामुळं."

"आई मरंल अण्णा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. मग खिडकीबाहेर बघायला लागले. उसाच्या गाड्या चालल्या होत्या.

आई दारातच उभी होती. माझ्या हातात नुसती चादर बघून तिला वाटलं, मेकॅनिकनं गिझर तपासायला ठेवून घेतला. ती उत्सुकतेनं पुढं आली. तसा चेहरा मी तिचा महिन्याभरात बघितला नव्हता.

"काय निघालं?"

अण्णा पायरीवर चपला काढत होते. मी घाईनं म्हटलं, "आई, आत चल, सांगते."

"मशीन चांगलं हाय," अण्णा म्हणाले. "दोष न्हाई त्यात."

"असं कसं?"

"हर्षदच्या न्हाणीचा झरोका मी फळी मारून बंद केला होता. थंडीत गेलो होतो तवा. त्यो गेल्यावर मीच जाऊन काढली."

आईनं त्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी मान खाली घातली, त्यावरून तिला कळलं असावं. ती रडली नाही की ओरडली नाही. दाराच्या चौकटीला धरून थोडा वेळ उभी राहिली आणि मग आत जाऊन तिनं चुलीवरचं आधण बघितलं. त्या दिवशी तिनं आम्हाला दोघांना जेवायला वाढलं. अण्णांच्या ताटात भाकरी संपली की दुसरी टाकत होती. पण त्यांच्याशी बोलली नाही. मला वाटलं, दोन-चार दिवसांत बोलेल.

पुढच्या आठवड्यात अण्णा साताऱ्याला गेले. मला त्यांच्याबरोबर जायचं नव्हतं, पण एकटं पाठवायची भीती वाटली म्हणून गेले. त्यांनी आधी फौजदारांना सगळं सांगितलं. फौजदार चिडले, पुरावा नष्ट केलात म्हणाले, मग अण्णांचं वय आणि अवस्था बघून जबाब लिहून घेतला आणि घरी जा म्हणाले. तिथून आम्ही शेलारकडं गेलो. दुकानाला कुलूप होतं. घर मागच्या गल्लीत होतं. त्यानं दार उघडलं आणि आम्हाला बघून एक पाऊल मागं सरला. आतून त्याच्या बायकोनं विचारलं, "कोण आलंय?"

अण्णांनी उभ्याउभ्याच सांगितलं. काशीदसमोर सांगितलं होतं तसंच, हर्षद काय म्हणाला होता तेही. "तू सांगितलं होतंस. मी ऐकलं न्हाई. तुझी काय चूक न्हाई. पोलिसांना मी लिहून दिलंय."

शेलार ऐकत होता. मला वाटलं, आता तो चिडेल, शिव्या देईल. तो भिंतीला टेकला आणि खाली सरकत जमिनीवर बसला. दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागला.

"मला वाटत होतं माझंच काहीतरी राहिलं," तो म्हणाला. "रोज आठवून बघायचो. नळी घट्ट केली का, वायसर बसवला का. मला आठवायचंच न्हाई. बायकोला म्हटलं, मीच मारलं असंल त्याला."

अण्णा त्याच्याजवळ बसायला गेले तेव्हा तो म्हणाला, "काका, तुम्ही जावा आता. मला तुमच्याकडं बघवत न्हाई." आम्ही निघून आलो. पुढं त्यानं दुकान पुन्हा उघडलं, पण फक्त विजेच्या सामानाचं. गॅसचं काम त्यानं सोडलं, असं कानावर आलं.

आई अण्णांशी त्यानंतर कधीच बोलली नाही. काही सांगायचं असलं की माझ्या मुलांना मधे घालायची, कुणी नसलं तर भिंतीला सांगावं तसं म्हणायची, "पाणी तापलंय," "डाळ संपलीया." अण्णांनी तक्रार केली नाही. दुरुस्तीची कामं त्यांनी बंद केली. कुणी पंखा घेऊन आलं तर म्हणायचे, आता दिसत न्हाई. डोळे चांगले होते त्यांचे.

शेवटी त्यांना अर्धांगवायू झाला. आईनं त्यांचं सगळं केलं. अंग पुसायची, चमच्यानं भरवायची, कूस बदलायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, असं करणारी बाई मिळायची नाही. त्यांच्यापैकी कुणाला माहीत नव्हतं की ती हे सगळं एक शब्द न बोलता करते. अण्णांची जीभ जड झाली होती, तरी ते तिच्याकडं बघून काहीतरी म्हणायचा प्रयत्न करायचे. ती तोंड पुसून उठायची.

अण्णा गेल्यावर सगळी माणसं पांगली. आम्ही दोघीच मागच्या खोलीत बसलो होतो. आई त्यांच्या अंथरुणाच्या चादरी धुवायला काढत होती. मी म्हटलं, "एकदा तरी बोलायचं होतंस."

ती घड्या मोडत राहिली. मग म्हणाली, "फळी मारली म्हणून न्हाई गं. पोराला वारा लागू नये म्हणूनच मारली. मी तिथं असते तर मीच सांगितलं असतं, बंद करा म्हणून."

"मग?"

"तुझ्या अण्णांनी मला सांगायला नको होतं. त्या शेलारला शिव्या देत मी जगले असते."

मी विचारलं, "आणि शेलार?"

तिनं चादर बादलीत टाकली, वरून पाणी ओतलं आणि दोन्ही हातांनी ती खाली दाबत राहिली.

"त्यालाबी आई असंल," ती म्हणाली.